साहिबसिंग सोखे

सर साहिबसिंग सोखे (जन्म : १५ डिसेंबर १८८७, अमृतसर, मृत्यू : १९७१) हे भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ, सैन्यातील वैद्यकीय अधिकारी आणि मुंबईच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक होते. प्लेगच्या जंतूवर आणि प्लेगच्या लसीवर त्यांनी केलेले संशोधन मूलभूत मानले जाते. पुण्याजवळ पिंपरी येथे पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला, त्यामागील प्रमुख प्रेरकांत त्यांची गणना होते. जागतिक आरोग्य संघटनेचे ते सहाय्यक महासंचालक होते. १९५२ साली राष्ट्रपतींनी राज्यसभेवर प्रथमच नियुक्त केलेल्या बारा सदस्यांतही त्यांचा समावेश होता.

ते जन्माने पंजाबी. परंतु त्यांच्या कर्तृत्वाची भूमी परळ आणि पिंपरी ही होती. महाराष्ट्रात प्रतिजैविकांच्या निर्मितीचा इतिहास सांगताना त्यांना वगळता येत नाही. तरीही मराठी वाचकाला त्यांचे नाव फारसे ठाऊक नाही. काहींना ते ओळखीचे वाटते, पण बहुधा नर्तकी मेनका यांचे पती म्हणून.

पूर्वायुष्य

सोखे यांचे सुरुवातीचे शिक्षण पंजाबात झाले. वैद्यकीय पदवी त्यांनी स्कॉटलंडमधील एडिंबरो विद्यापीठातून घेतली. १९१३ साली ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये रुजू झाले. ही सेवा मूलतः सैन्याची असली तरी मुलकी रुग्णालये आणि प्रयोगशाळा यांतील वरिष्ठ जागाही तिच्याच अधिकाऱ्यांकडे असत. भारतीयांना तिच्यात प्रवेश मिळे, मात्र वरच्या जागा सहसा मिळत नसत. पहिल्या महायुद्धात त्यांनी सैनिकी सेवा बजावली आणि त्यानंतर ते प्रयोगशाळेकडे वळले.

जीवरसायनशास्त्र हा त्या काळी नवा विषय होता. १९२१-२२ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे इन्सुलिनचा शोध लागला होता आणि जगभरचे संशोधक तिकडे धाव घेत होते. सोखे यांनी फ्रँक अ‍ॅलन यांच्यासमवेत इन्सुलिन आणि साखर यांमुळे शरीरातून बाहेर पडणाऱ्या फॉस्फेटच्या प्रमाणात कसे बदल होतात, याचा अभ्यास केला. हा निबंध १९२४ साली प्रसिद्ध झाला. विषय मर्यादित होता. पण मोजमाप केल्यावाचून विधान करायचे नाही ही शिस्त त्यात दिसते, आणि पुढील आयुष्यात त्यांनी ती सोडली नाही.

हाफकिन संस्थेत

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. तिच्याशी लढण्यासाठी वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका खोलीत प्रयोगशाळा थाटली. जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली आणि १९२५ साली तिला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. त्याच सुमारास सोखे तेथे दाखल झाले. १९३२ मध्ये ते संचालक झाले आणि १९४९ पर्यंत त्या पदावर राहिले.

त्या सतरा वर्षांत संस्थेचे रूप पालटले. लस, सीरम आणि सर्पदंशावरील औषध तयार करणारी जागा एवढीच तिची ओळख उरली नाही. जीवरसायन, औषधशास्त्र, पोषण आणि रासायनिक औषधोपचार यांचे स्वतंत्र विभाग तेथे वाढले. तरुण भारतीय संशोधकांना सोखे यांनी मुद्दाम जवळ केले. औषधशास्त्राचे भालचंद्र बाबाजी दीक्षित हे त्यांपैकी एक. अमरावतीत जन्मलेले दीक्षित पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले.

उंदीर, जंतू आणि वाण

प्लेगने भारतात १८९६ नंतरच्या पंचवीस वर्षांत एक कोटीहून अधिक माणसे मारली. सोखे परळला आले तोवर साथीचा जोर ओसरला होता. तो का ओसरला, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मात्र कोणाजवळ नव्हते.

सोखे आणि त्यांचे सहकारी जी. डी. चित्रे यांनी देशाच्या निरनिराळ्या शहरांतील रानटी उंदीर, म्हणजे माणसाळवलेले नव्हे तर गटारांत आणि गोदामांत राहणारे घुशी-उंदीर, आणून त्यांना प्लेगच्या जंतूची ठरावीक मात्रा टोचली. हा अभ्यास १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईसारख्या, प्लेगने वर्षानुवर्षे पोखरलेल्या शहरांतील बहुतेक उंदीर तगले. जेथे प्लेग फारसा शिरला नव्हता त्या मद्रासचे उंदीर मात्र सहज मेले. साथीने दुबळे उंदीर वेचून मारले होते. उरलेल्यांची संतती जात्याच चिवट निघाली होती. निसर्गाने केलेली निवड कशी असते याचा असा स्वच्छ पुरावा त्या काळी जगात कोठेही फारसा उपलब्ध नव्हता. शाळेतील जीवशास्त्राच्या पुस्तकांत इंग्लंडमधील काळ्या-पांढऱ्या पतंगांचे उदाहरण हमखास असते. परळचे उंदीर तेथे असायला हरकत नव्हती.

या निष्कर्षातून एक अडचणही पुढे आली. गटारातील उंदीर असे बेभरवशाचे असतील तर लसीची परीक्षा त्यांच्यावर कशी करावयाची? सोखे यांनी प्रयोगशाळेत वाढवलेले पांढरे उंदीर घेतले. आकाराने लहान आणि एकाच कुळातले असल्याने त्यांची जंतूला दिलेली प्रतिक्रिया जवळपास सारखी असे. किती जंतू टोचले असता किती उंदीर मरतात हे आता आकड्यांत मांडता येऊ लागले. लसीचा कस ठरवण्याची पद्धत त्यावर उभी राहिली.

पुढचा प्रश्न जंतूचा होता. रुग्णाच्या शरीरातून काढलेला जंतू परीक्षानळीत पिढ्यान्‌पिढ्या वाढवत राहिले की हळूहळू निष्प्रभ होतो. नळीतल्या सुखवस्तू जीवनात मारकशक्ती असलेल्या जंतूला काही विशेष लाभ नसतो. ती गमावलेला जंतूही तितकाच, किंबहुना अधिक जोमाने वाढतो. अशा गलितगात्र जंतूपासून केलेली लस दिसायला लसच असते, पण रक्षण करीत नाही. सोखे यांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधमालेत जंतूच्या मारकशक्तीचे संख्यात्मक मापन केले. रक्तमिश्रित अगरवर प्लेगचा जंतू कसा वेगळा काढावा, कसा वाढवावा आणि त्याची शक्ती दीर्घकाळ कशी टिकवावी, याची साधी पद्धतही त्यांनी बसवून दिली. हा जंतू शरीराच्या उष्णतेपेक्षा कमी तापमानात वाढवणे, उत्तम वाण निवडणे आणि तो बंद नळ्यांत थंड जागी जपणे या गोष्टी हाफकिनमध्ये नित्याच्या झाल्या.

येथे ‘वाण’ हा शब्द जाणूनबुजून वापरला आहे. कापसाच्या किंवा ज्वारीच्या एकाच जातीत निरनिराळे वाण असतात, चांगला वाण निवडावा लागतो आणि निगा न राखल्यास तो बिघडतो, हे विदर्भातील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. सूक्ष्म जीवांचेही तेच आहे. वैद्यकातील अनेकांना हे समजायला वेळ लागला.

लस ज्या द्रवात वाढवावयाची त्याचाही सोखे यांनी विचार केला. हिंदू आणि मुसलमान या दोघांच्याही भावना दुखावू नयेत म्हणून हाफकिन यांनी बोकडाच्या मांसाचे सत्त्व वापरले होते. सोखे, एम. के. हब्बू आणि भरुचा यांनी दुधातील केसीन या प्रथिनाचे विघटन करून त्यात प्लेग आणि पटकी या दोन्ही रोगांचे जंतू वाढवले. हे काम १९५० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाले. अन्न स्वस्त झाले आणि त्याची प्रत दर खेपेस सारखी ठेवता येऊ लागली.

सल्फा औषधे

लस रोग टाळते, झालेला रोग बरा करीत नाही. १९३५ नंतर युरोपात सल्फा गटातील औषधे आली आणि जिवाणूजन्य रोगांवर प्रथमच गोळी मिळू लागली. दुसऱ्या महायुद्धामुळे आयात दुर्मीळ झाली. हाफकिन संस्थेत के. गणपती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सल्फाथायाझोल प्रयोगशाळेत तयार केले. प्रथम उंदरांवर आणि मग प्लेगच्या रुग्णांवर त्याची परीक्षा झाली. वागळे, सोखे, दीक्षित आणि गणपती यांचा अहवाल १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. या औषधांनी, आणि पुढे सल्फाडायाझीनने, गाठीच्या प्लेगमधील मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ खाली आले. ज्या रोगापुढे वैद्यक चाळीस वर्षे हतबल होते त्यावर औषध मिळाले, आणि ते परळमध्येही बनवता आले.

आरोग्याचे नियोजन

१९३८ साली काँग्रेसने जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समिती नेमली. तिच्या आरोग्यविषयक उपसमितीचे अध्यक्षपद सोखे यांच्याकडे आले. ब्रिटिश सरकारच्या गणवेशातील अधिकाऱ्याने काँग्रेसच्या समितीत काम करावे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. या उपसमितीने गावपातळीवर दर हजार लोकसंख्येमागे एक प्रशिक्षित आरोग्यसेवक असावा अशी शिफारस केली. आज ‘आशा’ कार्यकर्तीच्या रूपाने जी कल्पना गावोगावी वावरते तिचा हा एक जुना उगम होय. तुलनेने भोर समितीची चर्चा अधिक होते. सोखे उपसमितीचे नाव अभ्यासकांपुरतेच राहिले.

औषधे देशातच तयार व्हावीत आणि त्यांचे उत्पादन नफ्यासाठी नसावे, असे मत सोखे यांनी या काळापासून आग्रहाने मांडले. ते सर्वांना मान्य होण्यासारखे नव्हते. खाजगी औषध कंपन्यांचा त्यांच्यावर रोष होता आणि सरकारातही त्यांच्या डाव्या झुकावाकडे संशयाने पाहिले जाई.

पेनिसिलिन आणि बुरशीची निवड

पिंपरीच्या कारखान्याचे महत्त्व ध्यानात येण्यासाठी पेनिसिलिन कसे वाढले हे थोडे सविस्तर पाहणे आवश्यक आहे. हा इतिहास घडला तो इंग्लंड-अमेरिकेत.

लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली पेनिसिलियम जातीच्या बुरशीभोवती जिवाणू विरघळताना दिसले. १९४० मध्ये ऑक्सफर्ड येथे हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी त्यातील औषध वेगळे काढून उंदरांना मरणातून वाचवले. औषध अद्भुत होते, पण बुरशी फार कृपण होती. एक मिलिलिटर द्रवात जेमतेम दोन-चार एकके पेनिसिलिन मिळे. ते मिळवण्यासाठी शेकडो भांड्यांत पसरट थर वाढवावे लागत. १९४१ मध्ये फ्लोरी आणि हीटली अमेरिकेत पिओरिया येथील सरकारी कृषी प्रयोगशाळेत गेले. मक्याचा स्टार्च काढताना उरणारे भिजवणीचे पाणी बुरशीला घातले की उत्पादन अनेक पटींनी वाढते, हे तेथे आढळले. १९४३ मध्ये पिओरियाच्याच बाजारातील एका बुरशी लागलेल्या खरबुजावर एक सरस वाण सापडला. त्याला १९५१ हा क्रमांक पडला. त्याचा सनाशी संबंध नाही.

खरा बदल त्यानंतर झाला. निसर्गात सापडलेल्या वाणावर समाधान न मानता बुरशीच्या आनुवंशिक द्रव्यातच बदल घडवावा, असे ठरले. कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील आनुवंशशास्त्रज्ञ मिलिस्लाव डेमेरेक यांनी खरबुजाच्या वाणापासून निवडलेल्या बुरशीच्या बीजाणूंवर क्ष-किरण सोडले. त्यातून तगलेल्या बुरशींची परीक्षा इतर विद्यापीठांत झाली आणि एक्स-१६१२ हा वाण हाती आला. विस्कॉन्सिन विद्यापीठात मायरन बॅकस आणि जॉन स्टॉफर यांनी त्याच्यावर अतिनील किरणांचा मारा केला आणि १९४५ च्या सुमारास क्यू-१७६ हा वाण मिळवला. तो एका मिलिलिटरमध्ये ९०० एककांच्या आसपास पेनिसिलिन देई. दोन-चार एककांपासून येथवर यायला पाच वर्षेही लागली नव्हती. दर टप्प्याला आधीच्या विजेत्यावरच नवा मारा करायचा, हा क्रम पुढेही चालू राहिला. या बुरशीच्या पिवळ्या रंगद्रव्याने औषध पिवळे पडे; तेव्हा रंगच तयार न करणारा वाण निवडण्यात आला.

पद्धत वर्णनाला सोपी, करायला जिकिरीची. बीजाणूंचे पाणी घ्यायचे. शंभरांतील एखादा जेमतेम जगेल इतका किरणांचा मारा करायचा. जे तगले त्यांच्यापैकी प्रत्येकाची स्वतंत्र वसाहत वाढवायची, ती द्रव अन्नात हलवत ठेवायची आणि काही दिवसांनी द्रवात किती औषध उतरले ते मोजायचे. किरण काही हुशार नसतात. ते आनुवंशिक द्रव्यात कोठेही घाव घालतात. बहुतेक उत्परिवर्तित वाण मूळ वाणापेक्षा निकृष्टच निघतात. हजारो वसाहती तपासल्यावर एखादा वाण दहा-वीस टक्के सरस निघतो. मग त्याला घेऊन पुन्हा पहिल्यापासून आरंभ. बुरशीला स्वतःला इतक्या पेनिसिलिनचा काही उपयोग नसतो. म्हणून असा वाण सैल सोडला की तो आळसावतो आणि जुन्या वळणावर जातो. प्लेगचा जंतू नळीत निष्प्रभ होतो त्यातलाच हा प्रकार. त्यासाठी निवडलेला वाण वाळवून, गोठवून, निर्वात कुपीत सुरक्षित ठेवावा लागतो आणि अधूनमधून त्याची पुन्हा परीक्षा घ्यावी लागते.

विस्कॉन्सिनचे वाण विद्यापीठाने मुक्तपणे वाटले. जगातील पुष्कळशा कारखान्यांतील बुरशी आजही त्याच कुळातली आहे. मात्र १९५० नंतर कंपन्यांनी आपापले सुधारलेले वाण कुलपात ठेवण्यास सुरुवात केली. यंत्रे पैसे देऊन मिळत, पण चांगला वाण मिळेलच असे नव्हते. मिळाला तर त्यासोबत स्वामित्वशुल्काचा करार येई.

सोखे यांनी स्वतः कधी पेनिसिलिनची बुरशी निवडलेली नाही. परंतु कारखाना म्हणजे टाक्या आणि नळ नव्हेत, त्यातला सूक्ष्म जीव आणि तो जपणारी माणसे ही खरी मालमत्ता, हे उमजण्यासाठी लागणारी तयारी त्यांच्याजवळ होती. पंधरा वर्षे त्यांनी प्लेगच्या जंतूसंबंधी हेच केले होते. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात पेनिसिलिन बाहेरून येई आणि येथे फक्त कुप्यांत भरले जाई. तेवढ्यालाच औषधनिर्मिती म्हणण्यास ते तयार नव्हते.

पिंपरी

१९४९ मध्ये हाफकिन संस्था सोडून सोखे जिनिव्हाला जागतिक आरोग्य संघटनेत गेले आणि १९५२ पर्यंत सहाय्यक महासंचालक राहिले. त्या वर्षांत पेनिसिलिनची मागणी एका अनपेक्षित दिशेने वाढत होती. यॉज हा कातडी आणि हाडे झिजवणारा रोग उष्ण प्रदेशांतील वनवासी वस्त्यांत, विशेषतः मुलांत, पसरलेला होता. भारतात बस्तर, कोरापुट आणि यवतमाळला लागून असलेल्या त्या वेळच्या चांदा जिल्ह्याचा दक्षिण भाग येथे त्याचा उपद्रव होता. दीर्घकाळ टिकणाऱ्या पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनाने रोगी बरा होई. युनिसेफ आणि आरोग्य संघटना यांनी गावोगाव फिरून इंजेक्शने देण्याची मोहीम आखली. पण औषध दरवर्षी विकत घेऊन वाटायचे तर ती मोहीम कायमची परावलंबी राहणार होती.

यातून असा तोडगा निघाला की, युनिसेफने यंत्रसामग्री द्यावी, आरोग्य संघटनेने तज्ज्ञ पुरवावेत आणि प्रशिक्षण द्यावे, इमारती व भांडवल भारत सरकारने उभारावे. मदतीच्या बदल्यात औषधाचा काही भाग सार्वजनिक आरोग्यसेवेतून गरजूंना मोफत द्यावयाचा होता. कोणत्याही कंपनीच्या गुप्ततेच्या अटी या व्यवस्थेत नव्हत्या, आणि सोखे यांच्या दृष्टीने ही बाब सर्वांत मोलाची होती. विदेशी कंपनीशी करार करून कारखाना काढावा असेही एक मत होते. ते त्या वेळी मागे पडले.

जागा म्हणून पुणे-मुंबई रस्त्यावरील, पवना नदीकाठचे पिंपरी निवडले गेले. पाणी होते, रेल्वे होती, जवळच १९५० साली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सुरू झालेली होती. आज तेथे महानगर आहे. तेव्हा ते शेतांनी वेढलेले खेडे होते. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. औषधनिर्मितीतील ही भारत सरकारची पहिली कंपनी होय. सभोवतालची वसाहत कारखान्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एचए’ या नावाने ओळखली जाऊ लागली आणि अजूनही ओळखली जाते.

कारखान्यासोबत संशोधन विभाग असावा हा आग्रह फलद्रूप झाला. वाणांचे जतन, उत्परिवर्तनाने सुधारणा आणि देशी कच्चा माल यांवर तेथे काम झाले. मक्याच्या स्टार्चचे कारखाने येथे थोडे, त्यामुळे ते भिजवणीचे पाणी सहज मिळत नसे. अन्न बदलले की वाण वेगळा वागतो, म्हणून परदेशी वाण जसाच्या तसा येथे रुजेल याची शाश्वती नसते. (जगातील अनेक प्रतिजैविक कारखान्यांत पुढे सरकीचे पीठही बुरशीचे अन्न म्हणून वापरले गेले. यवतमाळच्या जिनिंगमधून बाहेर पडणारी सरकी गुरांच्या आंबोणात जाते एवढेच आपल्याला माहीत असते.) १९५८ पासून संशोधन विभागाची स्वतःची विज्ञानपत्रिका निघू लागली.

एम. जे. तिरुमलाचार यांच्या नेतृत्वाखाली येथे मातीतील सूक्ष्म जीवांचा धांडोळा घेण्यात आला. १९६१ मध्ये हॅमायसिन हे बुरशीनाशक प्रतिजैविक जाहीर झाले. ते देणाऱ्या जिवाणूला पिंपरीवरून स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना असे नाव दिले गेले. ऑरिओफंजिन हे पिकांवरील बुरशीरोगांसाठीचे औषधही पिंपरीचेच. एखाद्या मराठी गावाचे नाव लॅटिन नामावलीत जाण्याचे प्रसंग थोडे. हा त्यांपैकी एक.

सर्व काही सोखे यांना अभिप्रेत होते तसे मात्र घडले नाही. स्ट्रेप्टोमायसिनचे उत्पादन सुरू करताना पिंपरीने अमेरिकेतील मर्क कंपनीशी करार केला आणि तंत्र बाहेरून घेतले. क्षयरोग्यांना औषध तातडीने हवे होते, ही त्या निर्णयाची बाजू समजण्यासारखी आहे. परंतु वाण सुधारण्याचे काम पाच-दहा वर्षांच्या चिकाटीचे असते आणि परदेशातील कंपन्या त्यावर शेकडो माणसे लावीत. सरकारी कारखान्याच्या संशोधन विभागाला तेवढे बळ मिळाले नाही. पहिला वाण मोकळ्या हाताने मिळाला होता. नंतरच्या शर्यतीत टिकणे निराळे होते.

यॉजची मोहीम दीर्घकाळ चालली. भारतातील शेवटचा रुग्ण २००३ साली नोंदवला गेला आणि २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश यॉजमुक्त झाल्याचे जाहीर केले.

मेनका

सोखे यांच्या पत्नी लीला रॉय या बारिसालच्या बंगाली कुटुंबातील. ‘मेनका’ या नावाने त्यांनी कथक नृत्याला सभ्य समाजाच्या रंगमंचावर आणले. सुशिक्षित घरातील स्त्रीने नाचणे निंद्य मानले जाई, त्या काळात सैनिकी अधिकारी असलेल्या पतीने त्यांना उघड पाठिंबा दिला. १९३६ मध्ये त्यांच्या पथकाने बर्लिन येथील ऑलिंपिकच्या निमित्ताने भरलेल्या नृत्यस्पर्धेत पारितोषिके मिळवली. १९४१ साली त्यांनी खंडाळ्याला नृत्यशाळा काढली. १९४७ च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले. विख्यात कथक नर्तकी दमयंती जोशी या लहानपणापासून सोखे दांपत्याच्या घरात वाढल्या आणि मेनका यांच्याच शिष्या होत्या. त्यांना १९७० साली पद्मश्री मिळाली.

अखेरची वर्षे

१९५२ ते १९५६ या काळात सोखे राज्यसभेत होते. त्यांच्यासोबत नियुक्त झालेल्यांत सत्येंद्रनाथ बोस, झाकिर हुसेन, काकासाहेब कालेलकर आणि पृथ्वीराज कपूर हे होते. जागतिक शांतता चळवळीतील कार्यासाठी १९५३ चे आंतरराष्ट्रीय स्टालिन शांतता पारितोषिक त्यांना देण्यात आले. ब्रिटिश सरकारने ‘सर’ केलेल्या मेजर जनरलला मॉस्कोहून पारितोषिक मिळावे यातील विसंगती त्या काळीही अनेकांच्या डोळ्यांत भरली. औषधनिर्मितीत सोव्हिएत साहाय्य घ्यावे या मताचे ते होते. ऋषिकेशचा प्रतिजैविकांचा सरकारी कारखाना पुढे त्याच साहाय्यातून झाला.

उतारवयातही भारतीय औषध उद्योगाविषयी ते लिहीत आणि बोलत राहिले. औषधाच्या पदार्थावरच एकाधिकार देणारा १९११ चा पेटंट कायदा बदलल्याशिवाय देशात औषधे स्वस्त होणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. खाद्यपदार्थ आणि औषधे यांच्या बाबतीत केवळ निर्मितीच्या प्रक्रियेला पेटंट देणारा नवा कायदा संसदेने १९७० मध्ये संमत केला. १९७१ साली सोखे यांचे निधन झाले. तो कायदा २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला.